‘बाद’ लिहिलेलं पाकीट

रविवार, ता. ९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि दुकान, तिघांची तब्येत ठीक असेल. आम्ही दोघी इकडे बऱ्या आहोत. आईचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. डॉक्टरांनी जिने कमी चढा असं सांगितलं, तर त्यांना म्हणाली, “मी कुठे चढते? मी फक्त उतरते. चढावं लागतं ते घर वर आहे म्हणून.” डॉक्टर हसले आणि त्यांनी गोळी बदलून दिली. नवी गोळी गुलाबी आहे, त्यामुळे आईला ती जास्त गुणकारी वाटते.

फोन असताना धाकटी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी आईच्या गोळ्या आणि गाड्यांच्या वेळा यांच्यापलीकडे जात नाही. शिवाय कागदावर निदान खोडता येतं. हे चौथं पान आहे, पहिली तीन टोपलीत गेली.

आधी बातमी. लांबूकाका आठवतात? आपल्या गल्लीत कॅमेरा घेऊन यायचे ते, इतके उंच की आपल्या खोलीत शिरताना त्यांना दाराला नमस्कार केल्यासारखं वाकावं लागायचं. ते आता पंचाहत्तर वर्षांचे आहेत आणि अजूनही वाकूनच आत येतात, दार कितीही उंच असो. त्यांनी त्यांच्या आयुष्यभराच्या निगेटिव्ह आमच्या ग्रंथालयाला दिल्या. एकेचाळीस खोकी. ग्रंथालयाचा छायाचित्र विभाग म्हणजे मी, दोन कपाटं आणि खालून दिवा लावलेलं एक काचेचं टेबल. गेले सात महिने मी पांढरे हातमोजे घालून, एक डोळा मिटून, भिंगातून आपली वस्ती बघते आहे. उलटी, काळ्याची पांढरी. डबक्यातलं पाणी तिच्यात दुधासारखं दिसतं.

जानेवारीत प्रदर्शन आहे. वस्ती तेव्हाची आणि आताची, समोरासमोर. ‘आताची’ काढायला काकांना घेऊन मी तिथे चार वेळा जाऊन आले. तुला लगेच सांगते, आपली खोली नाही. म्हणजे तिच्या जागेवर तीन खोल्या एकीवर एक उभ्या आहेत, वरच्या दोन्हींना बाहेरून लोखंडी शिडी. गल्लीत दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना लागतात. नळ आता घरात आहे, पाणी मात्र पूर्वीसारखंच लहरी. गरिबी गेली नाही, तिने मजले चढवले. (हे वाक्य सुचलं आणि लगेच मला त्याचा संशय आला. छान वाक्य सुचलं की मी सावध होते. का, ते पुढे येईल.)

पण माणसं, ताई! काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला की पूर्वी लोक गप्प उभे राहायचे. आता इस्त्रीवाल्या मावशींनी हातातली इस्त्री खाली ठेवून त्यांना दरडावलं, “थांबा. आधी सांगा, कुठे लावणार? घाम पुसून की घामासकट?”

काका म्हणाले, “तुम्हाला हवा तसा.”

“मग पुसून. आणि मागची ती फाटकी चादर नको यायला. ती शेजारणीची आहे, लोकांना माझी वाटेल.”

वरून शेजारीण ओरडली, “येऊ दे की! निदान माझी चादर तरी वाचनालयात जाईल!”

काका इतके हसले की फोटो हलला. परत येताना मला म्हणाले, “तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीही विचारायला शिकलो असतो.” तेच वाक्य घेऊन मी घरी आले आणि आठवडाभर ते माझ्याभोवती घुटमळत राहिलं.

आता मुद्दा. कोणता फोटो ते तुला सांगायला नकोच. तू अकरा वर्षांची, हात पुढे, तळवा वर, डोळे थेट बघणाऱ्यावर. तो वर्तमानपत्रात आला, मग त्या मदतसंस्थेने त्याची भित्तिपत्रकं केली, मग शाळेत मुलं तुझ्या मागे हात पसरून चालायला लागली. तू दोघांचे दात हलवलेस आणि मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं, तेही मला आठवतं. प्रदर्शनाच्या समितीला तो फोटो प्रवेशदारापाशी हवा आहे, माणसाच्या उंचीएवढा. त्यासाठी तुझी लेखी संमती लागेल, असा आग्रह मी धरला आणि काकांनीही धरला. तू ‘नाही’ म्हणालीस तर तो लागणार नाही. सोबत कोरा कागद जोडला आहे.

इथे पत्र संपवता आलं असतं. तिसरं पान मी इथेच संपवलं होतं.

मागच्या सोमवारी अठ्ठाविसावं खोकं उघडलं. तळाशी एक तपकिरी पाकीट, त्यावर काकांच्या अक्षरात ‘बाद’. म्हणजे हललेल्या, तिरक्या, प्रकाश घुसलेल्या फिल्मचे तुकडे. काका फिल्म सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या कापून ठेवतात. तुझ्या फोटोची पट्टी मात्र तुटलेली आहे. वर्तमानपत्राने त्या काळी ती एक चौकट कापून नेली होती, ती नंतर सुटीच परत आली. तिच्या कडेला आकडा आहे, बावीस. आधीचे एकोणीस, वीस, एकवीस एका तुकड्यात नीट ठेवलेले. आणि ‘बाद’ पाकिटात निघाले तेवीस आणि चोवीस.

तेविसाव्या चौकटीत लांबूकाका आहेत. तिरके, कपाळाच्या वरचं डोकं कापलेलं, दोन्ही हात रिकामे आणि कुठे ठेवावेत हे न कळून पोटाशी धरलेले. तोंड हसण्यात उघडं. त्यांच्या गळ्यात कॅमेरा नाही, कारण कॅमेरा तुझ्या हातात आहे. ताई, तू काढलेला फोटो. चोवीसमध्ये कॅमेरा पुन्हा त्यांच्याकडे, आणि तू. पडलेल्या दातासकट हसणारी, जणू गल्ली विकत घेतलीस.

तू भीक मागत नव्हतीस. तू म्हणत होतीस, “दे ना, मी काढते.”

मी काकांना फोन केला. ते टॅक्सीने आले, भिंगातून बघितलं, आणि भिंग टेबलावर ठेवलं. म्हणाले, “विसरलो होतो गं. डोकं कापलेलं म्हणून बाद केला. वर्तमानपत्राने खाली ‘एका घासासाठी’ असं छापलं, ते मी लिहिलं नव्हतं.” मग स्वतःच म्हणाले, “पण खोडायलाही गेलो नाही. लोक वाहवा करत होते.”

काका विसरले होते. मी विसरले नव्हते, ताई. तेविसाव्या चौकटीत खालच्या कोपऱ्यात मी आहे. सहा वर्षांची, काकांच्या पँटला धरून. मी तिथे होते, मी ऐकलं होतं, मला माहीत होतं.

आणि तरी अठराव्या वर्षी, शिष्यवृत्तीच्या निबंधात, मी लिहिलं: ‘माझ्या ताईचा तो पसरलेला हात मला रोज जेवताना ताटाच्या पलीकडे दिसतो.’ परीक्षकांपैकी एक बाई रडल्या होत्या म्हणे. शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजच्या वार्षिक अंकात निबंध छापून आला, शेजारी तो फोटो. तू तेव्हा मोटार-पंपांच्या वायंडिंगच्या दुकानात दिवसभर तांब्याच्या तारेशी झटत होतीस. बहिणीचं नाव छापून आलं म्हणून तू अंक दुकानात नेलास आणि तुला काम शिकवणाऱ्या मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवायला लागलीस. पुढचं मला आईकडून कळलं. त्या ओळीशी तू थांबलीस, अंक मिटलास आणि पंप दुरुस्तीला घेतलास.

त्या दिवसापासून आपण गोळ्या आणि गाड्यांबद्दल बोलतो. तू कधी काही म्हणाली नाहीस. मी पंचवीस वर्षं डायरीत वेगवेगळ्या शब्दांत तेच लिहीत आले: वय लहान होतं, गरज होती, फोटोबद्दल लोक तसंच म्हणत होते. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. मला माहीत असूनही मी खोटं लिहिलं. हे वाक्य छान नाही, म्हणून ते राहू देते.

दोन्ही चौकटींचे प्रिंट सोबत पाठवते आहे. फोटो लागो न लागो, तेवीस आणि चोवीस तुझ्याकडे असायला हवेत.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती मागून येऊन विचारते आहे, एवढं काय लिहितेस, खटला भरलास का कुणावर?

तुझ्या उत्तराला बांधील असलेली,
तुझी धाकटी

~

शुक्रवार, ता. २१ नोव्हेंबर

ताई, ताई, ताई,

तुझी बस आत्ता उपनगराच्या बाहेरही पडली नसेल आणि मी लिहायला बसले. तू म्हणशील, तिथे मी स्वतः होते, मला काय सांगतेस? पण तुला न दिसलेल्या काही गोष्टी आहेत. शिवाय मी लिहून काढलं नाही तर उद्या मला हे खरं वाटणार नाही.

पहिली गोष्ट. बारा दिवस उत्तर आलं नाही. मी समितीला ‘संमती नाही असं धरून चला’ असा मजकूर तयार ठेवला होता. आज अकरा वाजता खालून दरवानांचा फोन आला: “मॅडम, एक बाई आल्यात. ओळखपत्र मागितलं तर म्हणतात, वर माझा हात ठेवलाय, तो बघा आणि जुळवा.” मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. हातमोजे हातातच होते. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि पहिलं वाक्य बोललीस, “ऑपरेशन मध्येच सोडून आलीस काय?”

दुसरी. भिंग मी तुला कसं धरायचं ते शिकवायला गेले आणि तू ते माझ्या हातून काढून घेतलंस. मला सात महिने लागले ते तुला एका मिनिटात जमलं. केसाएवढ्या तारा मोजणाऱ्या बाईला मी भिंग शिकवत होते! तू वाकलीस, तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. सकाळीच आलेल्या काकांनी टेबलापलीकडून बघितलं. त्यांनी मला नंतर सांगितलं की तू आधी भुवया आवळल्यास, मग ओठ आणि मग काचेवर तुझ्या श्वासाची वाफ आली.

आणि मग तू जे बोललीस ते मी तसंच्या तसं उतरवते, कारण काकांनी ते लिहून मागितलं आहे.

“काय लांबूकाका, डोकं कुठे गेलं तुमचं?”

“तूच कापलंस.”

“बरं झालं, नाहीतर आत काही नाही हे दिसलं असतं. एवढा मोठा कॅमेरा अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात दिलात?”

“दिला कुठे? तुझ्या डोळ्यांकडे बघून सुटला हातातून.”

“आणि हे ‘बाद’ कुणी लिहिलंय?”

“मीच.”

“खोडा.”

पंचाहत्तर वर्षांचा माणूस खुर्चीत बसला, माझ्याकडे रबर मागितलं आणि शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून पाकीट खोडायला लागला. शाई होती, जाईना. तेव्हा तू पेन घेतलंस, त्या शब्दावर सरळ काट मारलीस, आणि वर लिहिलंस ‘पास’. नियमाप्रमाणे संग्रहातल्या मूळ वस्तूवर काहीही लिहिणं हा गुन्हा आहे. ती नोंद मला करावी लागली. ‘पाकिटावरील शेरा छायाचित्रकाराने बदलला’ अशी केली. कोणत्या छायाचित्रकाराने ते लिहिलेलं नाही. दोघंही हजर होते, त्यामुळे नोंद खरी आहे.

तिसरी गोष्ट पायऱ्यांवरची. तुला ती छोटी वाटली असेल. आपण डबा उघडून बसलो होतो आणि मी माफी मागायला तोंड उघडलं. पाठ केलेली होती, तीन वाक्यांची. तू म्हणालीस, “आधी जेव. उपाशीपोटी तू जे बोलतेस ते छापून येतं.”

मला हसू आलं आणि घास घशात अडकला. तू पाठीत धपाटा घातलास, गरजेपेक्षा जरा जोरात. पंचवीस वर्षांचा साठलेला होता, तो मला पोचला.

मग तू डब्याकडे बघत म्हणालीस, “तू खोटं लिहिलंस त्याचा राग नव्हता गं. शिष्यवृत्ती हवी होती ना? मला विचारलं असतंस तर मी अजून चार खोट्या गोष्टी पुरवल्या असत्या. आईला लंगडी केलं असतं, बाबांना परागंदा केलं असतं. तुझ्यासाठी भिकारीण झाले असते, हसत हसत. पण मला न विचारता केलंस. मास्तरांसमोर वाचता वाचता कळलं मला, की मी कोण आहे ते.”

मी म्हटलं, “विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. मग ते खोटं आपल्या दोघींचं झालं असतं. मला ते माझ्यापुरतं खरं हवं होतं.” हे वाक्य मी डायरीत कधीही लिहिलेलं नव्हतं. ते मला तिथे, तुझ्याशेजारी बसून पहिल्यांदा कळलं. तू मान हलवलीस आणि माझ्या डब्यातली काकडी उचललीस. एवढंच. पण ताई, तू माझ्या डब्यातलं काही खाल्लंस, त्याला किती वर्षं झाली?

आता तुझ्या अटी. आज दुपारीच मी त्या समितीला सांगितल्या. अध्यक्षांचा चेहरा पडला, काका म्हणाले की अटी मान्य नसतील तर एकेचाळीस खोकी परत द्या, आणि अध्यक्षांचा चेहरा लगेच उचलला गेला. ठरलं ते असं. माणसाच्या उंचीचा एकटा हात लागणार नाही. एकोणीसपासून चोवीसपर्यंत सहाही चौकटी, एकाच आकाराच्या, एका रांगेत, क्रमाने. तेविसाव्या खाली छायाचित्रकार म्हणून तू. आणि मजकूर माझा. तू बजावलंस तसं, “तू खोटं छापून आणलंस, आता खरं छाप. आणि हे बघ, छान लिहू नकोस.”

(आई म्हणते, मोठ्या पोरीने एका दिवसात जे केलं ते धाकटीला सात महिने झाले तरी जमलं नाही. तिला आता सगळं सांगितलं आहे. लंगडी करणार होती हे ऐकून म्हणाली, “केलंच असतं तर आज दुखणारा एक गुडघा तरी वाचला असता.”)

खाली मजकूर आहे. तू सही केल्याशिवाय तो छापखान्यात जाणार नाही. जिथे खोटं वाटेल तिथे खोड.

‘या सहा चौकटी एकाच दुपारी, पाच-सात मिनिटांत काढलेल्या आहेत. चौथी चौकट अनेकांनी पाहिली असेल. ती सदतीस वर्षं एकटी दाखवली गेली आणि तिच्यातली मुलगी भीक मागते आहे असं सांगितलं गेलं. ती छायाचित्रकाराकडे कॅमेरा मागत होती. पाचवी चौकट तिने काढली आहे. सहावीत ती हसते आहे. त्या दिवशी वस्तीत पाणी आलेलं नव्हतं आणि दोन्ही घरी जेवण अपुरं होतं, तेही खरं आहे. पाचव्या चौकटीच्या कोपऱ्यातली लहान मुलगी मी. मला खरं माहीत होतं आणि अठराव्या वर्षी मी त्याच्या उलट लिहिलं, बहिणीला न विचारता. हा मजकूर तिला विचारून लिहिला आहे.’

‘दोन्ही घरी’ असं लिहिलं कारण शेजारणीचीही चूल तेव्हा आपल्याबरोबर थंडच असायची. पाण्याची आणि जेवणाची ओळ ठेवावी का, यावर मी बराच वेळ घालवला. ती काढली तर लोक म्हणतील, हसत होत्या म्हणजे मजेत होत्या. ठेवली तर पुन्हा तोच पसरलेला हात. शेवटी ठेवली. तू ठरव.

कधी नव्हे ती निर्धास्त,
तुझी धाकटी

~

बुधवार, २६ तारीख

धाकटे,

मजकूर वाचला. दुकानात वाचला, मोठ्याने, मास्तरांना आणि दोन गिऱ्हाइकांना. शेवटपर्यंत वाचला. मास्तर आता कमी ऐकतात, म्हणून दोनदा.

पाण्याची ओळ राहू दे. पाणी नव्हतंच.

एक चूक आहे. मी कॅमेरा मागत नव्हते. ‘दे ना, दे ना’ कोण करत होतं ते नीट आठव. काकांच्या पँटला लोंबकळून तू करत होतीस, तुला कॅमेऱ्याच्या काचेत स्वतःचं तोंड बघायचं होतं म्हणून. तुझ्या कटकटीने मला काही सुचेना, म्हणून मी हात पुढे केला आणि काकांना म्हटलं, “आणा इकडे.” मागणं आणि ‘आणा इकडे’ यात फरक आहे. तेवढं दुरुस्त कर, बाकी मंजूर. सही खाली आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी दुकान बंद ठेवते. मास्तरांना घेऊन आदल्या दिवशीच येतो, तुझ्याकडे राहू. गादी एकच असेल तर मी आणि तू खाली.

कोपऱ्यातल्या मुलीचा फोटो खरं तर मी काढत होते. काकांचं डोकं त्यामुळेच कापलं गेलं.

तुझी ताई,
छायाचित्रकार